कंपनी बदललेली गोळी

"गोळ्या चुकतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

दिपमाला नाही म्हणाली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा कडक आवाजात. ती पुन्हा नाही म्हणाली. होळीआधीच्या रिपोर्टात रक्ताच्या कॅन्सरचा माग शोधूनही सापडला नव्हता. त्याआधी दोन वर्षंही नाही. आता तो परत आला होता, आणि थोडाथोडका नव्हे. ही गोळी फक्त आजारी पेशींनाच धरते, त्या म्हणाल्या, पण त्यासाठी ती रोज पोटात जावी लागते. बरं वाटायला लागलं की लोक ती सोडतात आणि इथे येऊन रोज घेतो म्हणून सांगतात. असे पुष्कळ पाहिलेत.

दिपमालाचे कान तापले. इतकी वर्षं ती पिंपळनेरहून धुळ्याला येत होती. एकदाही तिने तपासणी टाळली नव्हती. तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. आता तो बोलेल असं तिला वाटलं, कारण गोळी तोच तर द्यायचा. अभिमन खिडकीबाहेर बघत होता.

अभिमनचं मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. आजार निघाला तेव्हा काही नातेवाईक म्हणाले होते, तिला माहेरी ठेव. त्याने ऐकलं नाही. दर महिन्याला धुळ्याहून गोळ्या तोच आणायचा. संध्याकाळी दुकान बंद करून घरी यायचा, तिचं जेवण होईपर्यंत थांबायचा, मग पाकिटातून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायचा आणि पाण्याचा भरलेला पेला तिच्याकडून रिकामा करून घ्यायचा. उलटी झाली की घमेलं धरायचा. शेजारच्या अक्का गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, "असा नवरा नशीबमा लागस, माय."

डॉक्टरबाईंचा आवाज थोडा खाली आला. दुसरं काही औषध, काढा, चूर्ण घेता का? दिपमाला नाही म्हणाली. मळमळ?

"ती तर बंदच झाली," दिपमाला म्हणाली. हे सांगताना तिला बरं वाटलं. गोळीमुळे येणारी डोळ्यांखालची सूजही उतरली होती. पायांत गोळे येत नव्हते. आता ती बाजारातून पिशव्या भरून एकटी घरी यायची. हे ऐकून डॉक्टर खूश होतील, असं तिला वाटलं होतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"गोळी दिसते कशी?"

"पांढरी. आधी नारिंगी होती. मग कंपनी बदलली ना."

"कोण म्हणालं?"

दिपमालाची मान आपोआप अभिमनकडे वळली.

"कॅल्शियमची आहे ती," अभिमन म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, असं डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं. ते त्याच्या डोक्यात घर करून बसलं होतं. पुढे रिपोर्ट चांगले येऊ लागले. आजार दिसतच नाही म्हणजे गेला, असं त्याने धरलं आणि होळीनंतर गोळी बदलली. अंगातलं औषध उतरलं की मूल होऊ शकेल, आणि तोवर हिला काही कळायचंही नाही. खऱ्या गोळ्या दुकानात मोटारींच्या तारांमागे ठेवल्या होत्या. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता.

दिपमाला ऐकत होती. तिला मघाचा प्रश्न आठवत होता. गोळ्या चुकतात का, असं डॉक्टरबाई तिला दोनदा विचारत होत्या, ती दोनदा नाही म्हणाली होती, आणि हा शेजारी बसून ऐकत होता.

डॉक्टरबाई अभिमनला म्हणाल्या की, आजार दिसत नाही म्हणजे तो गेला असं नसतं. गोळी कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे दर महिन्याला रक्त तपासत ठरवावं लागतं. चोरून नाही. त्यांनी लगेच आणखी चाचण्या करून घेतल्या. दिवस राहिलेले नव्हते. आजपासून गोळी पुन्हा सुरू करायची होती. बहुतेकांचा आजार परत आटोक्यात येतो, पण तुमचा येईलच असं आज सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. दिपमालाचा हात धरून त्यांनी संशय घेतल्याबद्दल माफी मागितली. त्या आणखी काही बोलणार होत्या. दिपमालाने नकारार्थी मान हलवली आणि त्या थांबल्या.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बाक होता. दिपमालाने डबा उघडला आणि भाकरी खाल्ली. चव लागत नव्हती, तरी सगळी खाल्ली. अभिमनने सवयीने, आत्ताच घेतलेल्या औषधाच्या नव्या पाकिटाकडे हात नेला. तिने ते उचलून आपल्या मांडीवर ठेवलं, नारिंगी गोळी स्वतः काढली आणि बाटलीभर पाण्यासोबत गिळली.

अभिमनने रिकामा डबा पिशवीत ठेवला.

"तुला विचारलं असतं," तो म्हणाला, "तर तू नाहीच म्हणाली असतीस."

दिपमालाने बाटलीचं झाकण लावलं.

"होळीआधी आलो होतो, तेव्हा तुम्ही खाली औषधं घ्यायला गेला होतात. तेव्हा मीच डॉक्टरबाईंना मुलाचं विचारलं होतं. पुढचा एक रिपोर्ट चांगला येऊ दे, मग माझ्या नजरेखाली गोळी थांबवू, मूल होऊ देऊ, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला मी आज सांगणार होते."