नील बेटावरचं घर

“पाणी किती लांब हाये?” सत्यशीलानं विचारलं.

कल्याणनं मोबाइल तिच्यापुढं धरला. “दोन किलोमीटर. घर बेटाच्या मधोमध हाये. भोवती सुपारीची बाग. खिडकीतून समुद्र दिसत बी न्हाई.”

तिनं फोटो पाहिले. दोन खोल्या, दोन्हींत एसी, गॅससकट स्वयंपाकघर, व्हरांड्यात झोपाळा. तिघांना पाच दिवस राहायला याहून आरामाचं घर मिळालं नसतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “दुसरं बघा.”

फेब्रुवारीतला रविवार होता. नवीन जालन्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकली होती. कल्याण एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात होता आणि एप्रिलात त्याला आठ दिवसांची रजा मिळाली होती. अंदमानातल्या नील बेटावर जाऊ, असं सत्यशीलाच म्हणाली होती. हैदराबादहून विमानाची तिकिटंही तिनंच काढायला लावली. तेव्हापासून कल्याणला नीट झोप नव्हती.

पावणेदोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या सुट्टीत, त्यांचा मुलगा प्रेम आष्टीला शेततळ्यात बुडाला. अकरा वर्षांचा होता. शेत कल्याणच्या मोठ्या भावाचं, संपतचं. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर पाय ठरत नाही. काठाजवळ कासव दिसलं म्हणून प्रेम वाकला आणि घसरत गेला. कल्याण तेव्हा लांब मोसंबीच्या बागेत होता. तो पोचला तोवर गड्यांनी पोराला बाहेर काढून काठावर निजवलं होतं. त्यानं पोलिसांना असंच सांगितलं. संपतला आणि सत्यशीलालाही असंच सांगितलं.

सत्यशीला पंधरा दिवसांनी शाळेत शिकवायला गेली. प्रेमचं नाव ती क्वचितच काढायची. पण घरात बादली भरून ठेवायची नाही. नऊ वर्षांची साक्षी आंघोळीला बसली की न्हाणीचं दार उघडं ठेवायची आणि बाहेर उभी राहायची. अशा बाईला समुद्र कशाला पाहिजे होता? कल्याणच्या मनात एकच उत्तर यायचं. म्हणून तो पाण्यापासून लांबची घरं शोधत होता.

“हे बघ,” तो म्हणाला. “टेकडीवर हाये. गच्चीला कठडा. समुद्र अर्धा किलोमीटर.”

“न्हाई.” तिनं मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि आधीच पाहून ठेवलेलं एक घर काढलं. “हे घ्या.”

लाकडाचं साधं घर होतं. एसी नव्हता. नळाला मचूळ पाणी येतं, अशी कोणीतरी तक्रार लिहिली होती. दारासमोर तीन पायऱ्या, मग थोडी वाळू, आणि लगेच समुद्र.

“हे न्हाई घ्यायचं.”

“का बरं?”

“न्हाई म्हणलं ना!” कल्याणचा आवाज एकदम चढला. साक्षी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “तिथं तुला काय करायचंय, ते आधी सांग. तू पहाटं उठून पाण्याकडं निघून गेली, तर मी काय करू? मला तर...”

इतके दिवस हा माणूस कशाला भीत होता, ते सत्यशीलाला आत्ता कळलं.

“साक्षी, आत जा बेटा,” ती म्हणाली. पोरगी गेल्यावर तिनं आवाज खाली घेतला. “मी मरायला न्हाई चालले. खाली काय लिहिलंय ते वाचा.”

त्यानं वाचलं. घरासमोर बराच लांबपर्यंत पाणी कमरेइतकंच असतं. घरमालकीण तिथंच राहते. पाहुण्यांना ती पोहायला शिकवते, लहानांना आणि मोठ्यांनाही.

“साक्षीला शिकवायचं हाये,” सत्यशीला म्हणाली. “मला बी शिकायचं. आन् तुम्हाला.”

“मला कशाला आता?”

तिनं भिंतीवरच्या प्रेमच्या फोटोकडं पाहिलं. कल्याणचा चेहरा पडला. “मी तळ्यापाशी नव्हतो,” तो म्हणाला. “बागेत होतो मी.”

“त्या दिवशीचे तुमचे कपडे मीच धुतले,” ती म्हणाली. “पँटच्या दोन्ही खिशांत शेवाळ होतं.”

खाली गल्लीत कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं. ती चालू होऊन निघून गेली. मग कल्याणनं मान खाली घालून सांगितलं. तो तळ्यापाशीच होता. प्रेम पडला तसा तो मागोमाग उतरला. पाणी काखेपर्यंत आलं आणि पाय सुटले. पोराचा हात समोर दिसत होता, दोन हात लांब. त्यानं तो धरायला पाहिजे होता. त्यानं पाणी उपसायच्या मोटारीचा पाइप धरला आणि काठावर आला. ओरडला, पण गडी येईपर्यंत उशीर झाला होता. मी इथं होतो हे कुणाला सांगू नका, असं त्यानं गड्यांना विनवलं होतं.

“मी परत फिरलो, सत्यशीला.”

“माहीत हाये मला.”

“पावणेदोन वर्षं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मंग बोलली का न्हाई?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघून राह्यले होते.” तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यावर तेच समुद्राकाठचं घर होतं. “पोहता येत नसताना उतरल्ते तुम्ही. तेवढंच धरून मी या घरात राह्यले.”