हळदीकुंकवाची रजा

"हा सांगाडा मघाशी बघितला ना रे आपण?" सईबाईंनी विचारलं.

"मघाशी शेपटीकडून बघितला, आई. आता तोंडाकडून बघ."

सईबाईंनी एग्मोरच्या म्युझियममधला तो देवमासा तोंडाकडूनही बघितला. दर्शननं घड्याळ बघितलं. अजून दुपारही कलली नव्हती.

बाहेर पाऊस होता. जानेवारी संपत आलेला, चेन्नईत पाऊस पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण समुद्रात कुठेतरी काही बिनसलं होतं आणि गार वारं सुटलं होतं. म्युझियमचा रखवालदार कानटोपी घालून स्टुलावर अंग आखडून बसला होता. वाईची थंडी काढलेल्या सईबाई आधी त्याला हसल्या. मग त्यांनीही पदर कानावरून ओढून घेतला.

असल्या हवेत शहाणा माणूस आईला घेऊन घरी गेला असता. पण अड्यारच्या घरी आज त्याच्या बायकोचं, क्षमाचं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दर्शनच्या बँकेतल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बायका यायच्या होत्या. मोठ्या साहेबांच्या विद्युलताबाईसुद्धा. आणि वडिलांना, दत्तोपंतांना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. सवाष्णींच्या त्या घोळक्यात आईनं बसायचं कुठे? समोर बसली तर करंडा घेतलेला हात तिच्यापुढे येऊन अडखळणार. आतल्या खोलीत बसवली तर ते आणखी वाईट दिसणार. दर्शननं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, दोन्हीकडे तोटाच निघाला. म्हणून काल रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, उद्या मी रजा काढलीय. तुला शहर दाखवतो."

क्षमा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं आमटी वाढली. दर्शननं तो होकार धरला.

आईला काही कळू द्यायचं नाही आणि शेवटची बाई गेल्याशिवाय घरी पोचायचं नाही, एवढंच काम होतं. असलं काम दर्शन चोख करतो. देवमाशानंतर जुन्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये त्यानं आईला इंग्रजांच्या तसबिरी एकेक करून दाखवल्या.

"हा कोण?"

"गव्हर्नर."

"आणि हा?"

"हाही गव्हर्नरच."

"सगळ्यांचे गाल लालेलाल. इथलं ऊन सोसलं नसेल बिचाऱ्यांना," सईबाई म्हणाल्या.

त्यांचे गुडघे दुखत होते. भिंतीला हात लावत त्या एका तसबिरीवरून दुसरीकडे सरकत होत्या. दर्शन दोन पावलं पुढे चालत होता, त्यामुळे त्याला हे दिसत नव्हतं. ती सोय होती.

किल्ला बंद झाला. मग मरीना. समुद्रावर चिटपाखरू नव्हतं. छत्री उलटी झाली, सईबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, तेव्हा कुठे तो त्यांना तिरुवल्लिकेणीतल्या एका हॉटेलात घेऊन आला. सईबाईंनी कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला. कॉफी बशीत सांडत होती. दर्शननं त्यांच्याकडे नीट पाहिलं, दिवसभरात पहिल्यांदाच. ओठ काळेनिळे पडले होते.

तरी तो म्हणाला, "पार्थसारथीचं देऊळ इथून अगदी जवळ आहे, आई."

"चल की." त्या उठायला लागल्या आणि परत टेकल्या. "का थोडं इथंच बसू या? आत्ता निघालो तर जिन्यात गाठ पडेल बायकांची."

दर्शनचे कान तापले. कुठल्या बायका, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता.

"तुला कधी कळलं?"

"अरे, देवमासा दोनदा दाखवतं का कुणी?"

तो हळूच म्हणाला, "तुला कुणी काही बोलायला नको, म्हणून गं. चार बायकांत कुणी तोंड फिरवलं असतं, तुला लागलं असतं. क्षमालाही अवघड झालं असतं."

"क्षमाला?"

सईबाईंनी पेला खाली ठेवला आणि ओल्या पदरानं बोटं पुसली.

"परवा दुपारी क्षमानं मला विचारलं, आई, सगळ्यांना कुंकू तुम्हीच लावाल का म्हणून. मी नको नको म्हटलं. तर माझ्यासमोर तिनं विद्युलताबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी सगळ्यांत आधी येते, पहिलं मला लावा. मग मी ती जांभळी इरकल इस्त्रीला दिली." त्यांनी दर्शनच्या हातावर आपला गार हात ठेवला. "आणि काल तू रजा काढून आलास."