शुभेच्छांचं काम

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. कुणाचाही वाढदिवस असला की सकाळी पहिला मेसेज ताईचाच. तोही माणूस ओळखून लिहिलेला. कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाला सुटलेल्या पोटावरून चिमटा, आणि खाली ठरलेली सही, 'तुझीच, ताई'. मग दिवसभर माणसं "थँक्यू हं ताई" म्हणत तिच्या टेबलाशी घुटमळायची. तिचा स्वतःचा वाढदिवस मात्र दरवर्षी कोरडाच जायचा. आठवण ठेवायचं काम तिचं, मग तिची आठवण कोण ठेवणार?

यंदा साहेबांनी ते काम एआयला दिलं.

"ताई, तुमचे जुने मेसेज त्याला वाचायला दिलेत. हुबेहूब तुमच्यासारखं लिहितो बघा! तुमची दगदग वाचली."

ताई हसली. हळूहळू तिच्या टेबलाकडे कुणी फिरकेनासं झालं.

मग तिचा वाढदिवस आला. खुर्चीत टेकते न टेकते तोच फोन किणकिणला.

'अगं, किती राबशील? चहा गार व्हायच्या आत पिऊन घे. आणि आज तरी डबा एकटीने खाऊ नकोस.'

ताईला एकदम भरून आलं. एवढ्या वर्षांत कुणाचं तरी लक्ष होतं म्हणायचं! पदराने डोळे टिपत, कोण असेल ते बघायला तिने मेसेज खाली सरकवला.



'तुझीच, ताई.'