लोढणं

अंगणातल्या फरशीवर लोढणं टक्कन आपटलं आणि घरातली शांतता मोडली. शेळी पुन्हा शेजारच्या भातखाचराकडे निघाली होती. गळ्यात बांधलेलं लाकूड पायात आलं, तशी मुकाट मागं फिरली.

घरात कुणी मान वळवली नाही. समीक्षा मोबाईल धरून बसली होती, मांडीवर वैभवी, पाठीशी सासू राजाबाई. पडद्यावर कुठल्याशा समुद्रकाठी एक बारकं रॉकेट उभं होतं. त्याच्या पोटात चपात्यांच्या डब्याएवढा एक डबा बसवलेला होता. घोटावड्याच्या कारखान्यात समीक्षानेच तो तापवून, गारठवून, गदागदा हलवून तपासला होता.

"त्यो डबा करतो तरी काय?" राजाबाईंनी विचारलं.

"रॉकेट वाट सोडतंय का, ते बघतो, आत्या. सोडली तर तिथंच फोडून टाकतो. खालून कुणी बटण दाबायचं न्हाई. त्याचं त्यानं ठरवायचं."

"म्हंजी लोढणंच की."

"व्हय, तसंच."

"तसंच कसं? लोढण्यानं शेरडू माघारी येतंय. तुझा डबा तर शेरडूच मारतोय."

"खाली गावं असतात, आत्या."

नात पडद्याला नाक लावून बसली होती, तिला राजाबाईंनी मागं ओढलं.

समीक्षाला धास्ती वेगळीच होती. धडधाकट रॉकेट डब्याला बिथरलेलं वाटलं तर? तपासून 'जाऊ द्या' म्हणणारी शेवटची तीच होती.

रॉकेट उठलं. वैभवीने टाळ्या पिटल्या. शेजारी नकाशावर ठरलेल्या वाटेच्या हिरव्या रेघेवरून एक ठिपका सरकू लागला. सरकता सरकता रेघेच्या कडेला आला. समीक्षाच्या मनात आलं, वळ रे बाबा, वळ. ठिपका रेघेबाहेर गेला आणि आभाळात पांढरा पुंजका उमलला, पिंजलेल्या कापसासारखा. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी तळावरची माणसं जागच्या जागी थिजली.

तेवढ्यात चित्र गेलं आणि फोन वाजू लागला. निरंजनसर, तिचे वरिष्ठ, तिकडे तळावर रॉकेटवाल्यांबरोबर होते. उचलायला तिचं बोट धजेना. राजाबाईंनीच मागून हात घालून फोन घेतला आणि तिच्या कानाला लावला.

"समीक्षा, डेटा आला. इंजिन गेलं होतं, रॉकेट किनाऱ्याकडे वळत होतं. आपला डबा करेक्ट होता. एकदम करेक्ट." मागे कुणीतरी हुंदके देत होतं. सरांनी आवाज खाली आणला. "इथं हसता येत नाहीये, एवढंच."

तिलाही हसू आलं. ते तिने वैभवीच्या केसांत लपवलं.

"काय म्हनला त्यो?"

"माझा डबा चुकला न्हाई, आत्या."

"मंग झालं तर," म्हणत राजाबाई शेळीला बांधायला बाहेर गेल्या.

वैभवी मात्र मांडीवरून हलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "आई, डबा त्याच रॉकेटात होता ना?"

"हो."

"मग त्यो पण फुटला?"

"हो गं राणी."

अंगणात लोढणं पुन्हा टकटकलं. वैभवीने तिकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे.

"फोडायच्या आधी डब्याला माहीत होतं का, त्यो पण आतच आहे?"