उधाणाची वेळ

"गो रश्मी, माझ्या कालवांवर जरा नजर ठेव. भाचीचा लगीन आसा, मी गोव्याक जातंय."

"बँक तुझी, खाडी तुझी. राखण तेवढी माझी काय?"

फेबी खळखळून हसली. "खाडी सगळ्यांची गो!"

रश्मी हसली नाही. गेल्या वर्षी सरकारी बँकेने या शेजारणीला कर्ज दिलं. तिने खाडीत बांबूचे मांडव बांधले, त्यांवर शिंपल्यांतली कालवं वाढवली. आता मालवणचे हॉटेलवाले तिच्या अंगणात ताटकळतात. रश्मीने गणपतीआधी तसाच अर्ज केला होता. 'पाहणी झाल्यावर कळवू,' एवढंच उत्तर आलं. पाहणीला कुणी फिरकलं नाही.

दुपारी फोन वाजला. बँकेच्या नव्या अधिकारी, आकांक्षा मॅडम. बोलणं थेट घाटावरचं.

"फेबीताईंची कालवं बघायची आहेत. त्यांचा फोन लागत नाहीये. उद्या किती वाजता येऊ?"

म्हणजे फेबीला आणखी कर्ज! रश्मीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या पुनव. ऐन दुपारी उधाणाची भरती, मांडवांचं टोकसुद्धा वर राहत नाही. किनाऱ्यावरच्या पोरासोरांना जे कळतं, ते या बाईला कुठून कळणार?

"बाराला या, मॅडम. तेव्हा सगळं नीट दिसतं."

दुसऱ्या दिवशी मॅडम काठावर उभ्या राहिल्या. खाडी तुडुंब भरली होती.

"इथे तर नुसतं पाणी आहे. मांडव कुठायत?"

"माका काय ठावक?" रश्मीने जीभ आवरली. "म्हणजे... मला काय माहीत, मॅडम. तुम्ही बघताय तेच मी बघतेय."

"पण त्यांनी कालवं लावली होती ना?"

"लोकांचं आपण काय सांगावं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रश्मीच्या जिवाला गारवा वाटला.

मॅडमनी पाण्याचा फोटो काढला आणि मोबाइल पिशवीत टाकला.

"वाईट वाटतं हो. फेबीताई स्वतः बँकेत येऊन भांडल्या होत्या. या खाडीत कालवं होतात याची खात्री हवी ना, मग माझी बघा, म्हणाल्या. म्हणून तर तुम्हाला फोन केला. ही पाहणी तुमच्या अर्जाची होती."