आठवी बाटली

फायदा म्हणाल तर रोजचा पन्नास मिनिटांचा. शिवाय टेकडीच्या एकशेऐंशी पायऱ्या वाचायच्या, पायऱ्या वाचल्यामुळे डावा गुडघा वाचायचा, आणि बायकोसमोर बसून एक कप चहा व्हायचा. तोटा कुणाचाच दिसत नव्हता. निदान पाणीतपासनीसांना तरी दिसत नव्हता.

काम सोपं होतं. शहरात सात ठिकाणी जायचं, नळाखाली बाटली धरायची, वर चिठ्ठी चिकटवायची. बाजार, शाळा, दवाखाना, टेकडी असं ठिकाण, तारीख आणि खाली स्वतःचं नाव. नऊच्या आत सातही बाटल्या प्रयोगशाळेत. सत्तावीस वर्षं त्यांनी हे चोख केलं, आणि सत्तावीस वर्षं सकाळचा चहा एकट्यानं, उभ्याउभ्या घशात ओतला.

मग गुडघा बोलायला लागला. बायको म्हणाली, "अहो, पाणी सगळीकडे तेच ना? मग आपल्या नळानं काय घोडं मारलंय?"

तपासनीसांनी तीन दिवस विचार केला. नदी एक, टाकी एक, नळ काय ते वेगळे. शितावरून भाताची परीक्षा. चौथ्या दिवशी ते उठले तेव्हा सात बाटल्या भरून ओळीनं ठेवलेल्या होत्या आणि बायको चहा गाळत होती.

त्याला आता तीन वर्षं झाली. ती पहाटे उठायची, मोठं पातेलं शेगडीवरून उतरवायची, बाटल्या भरायची, कोरड्या फडक्यानं पुसून त्यांच्या नावाची चिठ्ठी अगदी सरळ लावायची आणि मग त्यांना हाक मारायची. कधी एखादी बाटली हाताला किंचित कोमट लागे. बायकोच्या हातांची ऊब, असं मनाशी म्हणत तपासनीस ती पेटीत ठेवत. पन्नास मिनिटं दोघं बोलत बसत. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर त्यांना कळलं की आपली बायको नकला फार छान करते.

यंदा मुलं आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, ताप. दवाखान्यातल्या खाटा भरल्या. वरच्या साहेबांनी आधी पाण्याचे कागद मागवले. रोजच्या सात बाटल्या, सातही स्वच्छ. पाणी निर्दोष सुटलं. मग संशय गेला दुधावर, आणि गल्लीच्या टोकाला चार गाई राखणाऱ्या दूधवालीच्या फाटकाला सील लागलं.

ती एका संध्याकाळी आली. बायकोनं तिला खुर्ची दिली, चहा दिला. चहा अर्थात कोराच.

"दादा, खरं सांगा. पाणी चांगलं आहे?"

"कागदावर तर एकदम स्वच्छ."

"कागदाचं नाही विचारलं. पाण्याचं विचारलं."

"ताई, आम्ही दोघंही याच नळावर आहोत. साधं पोटसुद्धा दुखलं नाही." हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

"माझी पोरगीही याच पाण्यावर आहे. दवाखान्यात पडलीय. साहेब म्हणतात, बघ, घरचंच दूध बाधलं." तिनं कप खाली ठेवला. "चार गाईंचं दूध मातीत पिळतेय, दादा. अजून आठ दिवस पिळेन. मग गाई विकायच्या."

बायकोनं तिचा हात हातात घेतला. 

निघताना दूधवाली अंगणातल्या नळाशी थांबली. "एक बाटली द्या. तुमच्या डोळ्यांदेखत भरते. हीही तपासा."

"सात तर रोज जातात. आठवी कशाला?"

"माझ्या समाधानाला."

तपासनीसांना वाईट वाटलं. गरिबाच्या समाधानाला काय लागतं? सकाळी त्यांनी आठवी बाटली पेटीत ठेवली.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना आत बोलावलं. "काका, तुमच्या सात नेहमीसारख्या. नितळ. पण ही आठवी कुठून आणलीत? गटार आहे नुसतं."

तपासनीस खुर्चीवर बसले. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण डोळ्यांपुढे मातीत जाणारं दूध आलं, आणि त्यांनी सांगून टाकलं. टेकडी, गुडघा, चहा, सगळं. "आठही माझ्या घरच्या, बाई."

बाईंना धक्का बसला, पण कोडंही पडलं. "एका नळाच्या आठ बाटल्या, मग सातच कशा स्वच्छ? आठही घाण निघायला हव्या होत्या. काका, मग हे महिन्यापूर्वीच कळलं असतं!"

संध्याकाळपर्यंत नदीकाठी फुटलेलं गटार सापडलं. त्याचं पाणी पाच आठवडे मोठ्या नळात झिरपत होतं. दूधवालीच्या फाटकाचं सील निघालं. तिची मुलगी एक-दोन दिवसांत घरी येणार होती. एकोणचाळीस मुलांपैकी सदतीस घरी येणार होती. तपासनीसांची नोकरी गेली, आणि ती जावी असंच त्यांना वाटत होतं.

घरी बायको वाट पाहत होती.  तिनं पातेल्यावरचं झाकण काढून पेलाभर पाणी त्यांच्यापुढे धरलं. तपासनीसांनी पेला हातात घेतला. कोमट होता.

"त्या सात बाटल्या," त्यांनी हळूच विचारलं, "तू नळाचं पाणी भरायचीस ना?"

"नळाचं?" ती दुखावल्यासारखी हसली. "तुमचं पोट नाजूक म्हणून तुम्हाला तीन वर्षांत नळाचा थेंब दिला नाही मी. आणि साहेबांच्या टेबलावर तुमच्या नावानं जाणाऱ्या बाटलीत नळाचं भरेन? पहिल्या दिवसापासून उकळून गाळलेलंच भरतेय."