चाळिसाव्या सेकंदाला

दिवे गेले आणि कोल्ड स्टोरेजच्या चार नंबरच्या चेंबरमधली अठरा माणसं एकदम गप्प झाली. दाराबाहेर मायाने घड्याळ सुरू केलं. दोन मिनिटांत सगळ्यांनी बाहेर यायचं होतं.

चाळिसाव्या सेकंदाला तिच्या खांद्याला गार बोटं लागली. पाऊल वाजलं नव्हतं.

"मी आले, मॅडम," रहिमतबी म्हणाली.

बाकीचे सतरा आतच राहिले. कुणी रॅकवर आदळत होतं, कुणी एकमेकांना हाका मारत होतं. पाच मिनिटांनी दिवे लावले तेव्हा भाऊसो हमाल दाराच्या नेमक्या उलट्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभा होता.

माया शहरातली, विश्रामबागची. कारखान्यांतल्या कामगारांना ट्रेनिंग द्यायचं तिचं काम. आष्ट्याजवळच्या या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या वर्षी अमोनिया गळला होता, म्हणून तिला बोलावलेलं. दोन दिवस तिने पडद्यावर चित्रं दाखवली, मग तोंडी परीक्षा घेतली. सगळ्यांना नव्वदच्या वर मार्क पडले. मालक वीरधवल खूश झाला. "कागद झाला ना? विमा कंपनीला तेवढा पुरतो." पण मायाला चैन पडेना. तिने दिवे मालवून पाहायचं ठरवलं, आणि नव्वद मार्कांची माणसं अंधारात हरवली.

"गेल्या साली बी ती आशीच भाइर आली," मुकादम बिराप्पा हळूच म्हणाला. "आमच्या डोळ्यांत मिरची गेल्यागत झालं. उघडायलाच यीना. हिनं तिघांना हाताला धरून काढलं. चालत, मॅडम. पळत सुदा न्हाई." त्याने मागे पाहिलं. "तिला अंधारात दिसतं. त्या दिसापास्नं आमी कोण तिच्यासंगं एकटं आत जात न्हाई."

ज्यांना तिने बाहेर काढलं, तेही जात नव्हते. जेवायच्या सुट्टीत बायका तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडून बसत. रहिमतबी एकोणीस वर्षं इथे होती. कुणाचा माल कुठल्या रॅकवर आहे, ते हमालांना दाखवायचं तिचं काम. खडूने लिहिलेले आकडे वाचताना तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण तिचा रॅक कधी चुकला नाही. बोलताना ती तोंडाकडे बघत नसे. कानाच्या जरा मागे बघे, जणू तिथे दुसरं कुणी उभं आहे. मायाने दोनदा वळून पाहिलं होतं.

पुढचे दोन दिवस तीच तालीम झाली. रहिमतबी दोन्ही वेळा चाळीस सेकंदांत बाहेर. बाकीच्यांना हुडकून आणावं लागलं.

"सोडा आता हे," वीरधवल म्हणाला. "गेल्या वर्षीचा गोंधळ नजरेचाच होता. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे तपासतोय. ज्याची नजर कमी, त्याला घरी पाठवायचं. तुमच्या अहवालात तेवढं घाला."

त्या दुपारी माया रहिमतबीला घेऊन आत गेली. "तुम्ही जशा चालता, तसंच मला चालवा," ती म्हणाली. दिव्याची बटणं बाहेर होती. दहा मिनिटांनी दिवे लावायचे, असं बिराप्पाला सांगून ठेवलेलं.

जाड दार लागलं. अंधार झाला. मायाने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. तो दिसला नाही.

"पंखा ऐका," रहिमतबीचा आवाज डावीकडून आला. "त्यो मागच्या भितीवर हाय. त्याला पाठ केली की दार म्होरं. पायाखाली फरशीची फट लागंल. ती मोजायची. रॅक सपला की गालाला वारं लागतं, तितं वळायचं. आन् डोळं मिटून ठिवा. उघडं ठिवलं की माणूस उजेड हुडकतंय आन् चुकतंय."

माया चालू लागली. एक फट. दुसरी. बेदाण्याचा आंबटगोड वास, आणि अंगात शिरणारी थंडी. मागे कुणीतरी आहे असं तिला एकाएकी वाटलं. ती न बोलता मागे वळली.

"मागं कोन न्हाई, मॅडम," आवाज शांतपणे म्हणाला. "सारकं वळू नगा. चपलीचा आवाज येतुय."

माया जागच्या जागी थांबली. आवाज पुढे पुढे जात राहिला, फटी मोजत, वळणं सांगत. ती दोन्ही हातांनी रॅकचा लोखंडी खांब धरून उभी राहिली.

आणि लख्ख उजेड पडला. दहा मिनिटं झाली होती.

मायाने डोळे बारीक करून पाहिलं. रहिमतबी चार हात पुढे, पेट्यांकडे तोंड करून उभी होती. मोकळ्या हवेत हात पुढे धरून ती बोलतच होती.

"हितं हात द्या. आता वळायचं. द्या की."

उत्तर आलं नाही तशी ती सावकाश वळली. ट्यूबच्या बरोबर खाली तिचे डोळे टक्क उघडे होते. पापणी लवत नव्हती.

"कुटं हायसा, मॅडम? भ्यालासा व्हय? बिराप्पाला हाक मारू का? लाईट लावू द्या त्याला."

मायाने वर पेटलेल्या ट्यूबकडे पाहिलं, पुन्हा त्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तिने आपले डोळे मिटले आणि पुढे होऊन तो हात धरला.

"नको," ती म्हणाली. "अंधारच असू दे. उद्यापासून सगळ्यांना हे तुम्हीच शिकवायचंय, असं मी अहवालात लिहून देणार आहे."